सेकंडहँड होडी, फर्स्टहँड वारा

तिशी जवळ आली की आपल्यासारख्या नोकरदार मंडळींची खरेदीची यादी साधारण सारखीच असते. आधी बाइक, मग गाडी, मग वन बीएचके, तोही शहरापासून जमेल तितका लांब. मधेच कुणाला महागडा कॅमेरा घ्यायचा झटका येतो. कुणी ट्रेडमिल घेतं आणि सहा महिन्यांत त्यावर टॉवेल वाळत घालतं. या यादीत शिडाची होडी कुठेच नसते. आता गंमत बघा, आपण राहतो मुंबईत. तिन्ही बाजूंना पाणी. आणि आपला त्या पाण्याशी संबंध काय? तर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून पाय हलवायचे, नाहीतर गावाहून पाहुणे आले की त्यांना घारापुरीच्या लाँचमध्ये बसवायचं. संपला समुद्र!

शिडाची होडी म्हटलं की डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक, इतिहासाच्या पुस्तकातलं आरमार. दुसरं, सिनेमातली पांढरीशुभ्र यॉट, जिच्यावर हिरो शर्टाची बटणं उघडी टाकून उभा असतो. या दोन्हींच्या मधे एक तिसरी गोष्ट असते. चार मीटर लांब, जुनी, दोन माणसांची, स्कूटरच्या भावात येणारी होडी. तशी एक माझ्याकडे आहे. म्हणजे, एक तृतीयांश आहे.

मी एका बँकेत रिस्क डिपार्टमेंटला काम करते. दिवसभर लोकांच्या जोखमीची टक्केवारी काढायची हा धंदा. वीकेंडला सेलिंग करते असं सांगितल्यावर शेजारच्या क्युबिकलमधल्याने विचारलं, "अरे वा, क्रेडिट कार्ड की इन्शुरन्स?" त्याला समजावून सांगेपर्यंत चहा गार झाला. मग त्याने तोच प्रश्न विचारला, जो आजवर प्रत्येकाने विचारलाय. "केवढ्याला पडली?"

सांगते. पण किंमत कळायची तर आधी वस्तू काय आहे ते कळायला हवं.

आधी शिका, मग घ्या

पहिला फंडा हाच. होडी घेऊन शिकायला निघू नका, शिकून मग होडी घ्यायला निघा. मुंबईत हा छंद आजचा नाही. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा आहे. आज कुलाब्याच्या बाजूला बंदरात सेलिंग शिकवणारे क्लब आहेत, वीकेंड कोर्स घेणाऱ्या संस्था आहेत. सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात होड्या ताडपत्रीखाली आणि माणसं कांदाभजीपाशी.

पहिल्या दिवशी भाषेचा घोळ होतो. शीड म्हणजे कापड, हे आपल्याला ठाऊक असतं. इन्स्ट्रक्टर ओरडतो, "शीट ओढ!" आणि मराठी माणूस शीड ओढायला धावतो. इंग्रजीत शीट म्हणजे शीड नव्हे, शीट म्हणजे शिडाला बांधलेला दोर. शिडाच्या तळाशी जी आडवी काठी असते तिला बूम म्हणतात, आणि होडी वळताना ती डोक्यावरून सपकन जाते तेव्हा नाव का ठेवलंय ते कळतं. डोलकाठी आणि सुकाणू मात्र आपल्या ओळखीचे. सुकाणू हातात धरायचा दांडा, टिलर, डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. गाडी चालवणाऱ्या हातांना हे पचायला दोन शनिवार लागतात.

मग वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण दोन मार्कांसाठी पाठ केले होते. ते इथे अंगावर येतात. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हे खारे वारे. रात्री उलटं. जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई. हिवाळ्यात मुंबई बंदरात सकाळी मतलईचा शेवट आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यांचा जोर असा रोजचा पाळीबदल चालतो. आणि कुठल्याही पाळीबदलाच्या वेळी असते तशी मधे काही काळ शांतता असते. ही शांतता लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

सगळ्यांना पडणारा प्रश्न म्हणजे वारा समोरून असेल तर होडी पुढे कशी जाते? थेट समोर जात नाहीच. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांपर्यंत शीड नुसतं फडफडतं. म्हणून घाटातल्या रस्त्यासारखं नागमोडी जायचं. थोडं डावीकडे, वळण, थोडं उजवीकडे, वळण. याला टॅकिंग म्हणतात. शीड तिरपं धरलं की वारा होडीला पुढेही ढकलतो आणि बाजूलाही. होडीच्या पोटातून पाण्यात सोडलेली फळी, तिचं नाव सेंटरबोर्ड, बाजूला सरकू देत नाही. मग होडीला एकच वाट उरते, पुढची. कलिंगडाची ओली बी चिमटीत दाबली की सटकते ना, तसं.

पण कोर्सात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. या गाडीला ब्रेक नाही. वारा वाढला, होडी कलली, भीती वाटली, तर काय करायचं? दोर सोडायचा. बस. दोर सोडला की शिडातला वारा निघून जातो, होडी सरळ होते आणि मुकाट उभी राहते. घाबरलेल्या माणसाची मूठ घट्ट होते, हा निसर्ग आहे. इथे तीच मूठ उघडायला शिकवतात. माझ्या बॅचमधल्या बारा जणांत आयटीवाले होते, एक सीए होता, एक डॉक्टर होता. सगळ्यांना नेमकं हेच सगळ्यात जड गेलं.

आणि हो, दुसऱ्याच दिवशी होडी मुद्दाम उलटी करायला लावतात. कोर्सचा भागच तो. उलटल्यावर होडी सोडून पोहत किनाऱ्याकडे निघायचं नाही, हा पहिला नियम. होडी तरंगते, तिला धरून राहणाऱ्याला शोधणं सोपं असतं. मग एकाने सेंटरबोर्डवर उभं राहून अंग मागे टाकायचं, की होडी हळूहळू उठते. पहिल्यांदा खारं पाणी नाकात जातं. तिसऱ्यांदा हसू येतं.

कुठली घ्यायची?

शिकलं की कळतं की होड्यांचे दोन मोठे वर्ग आहेत. एक कीलबोट, जिच्या तळाला वजनदार कील कायमची बसवलेली असते. जे-२४ ही त्यातली जगभर नावाजलेली, रॉड जॉनस्टन यांनी १९७०च्या दशकात काढलेली, २४ फुटांची. ऐटबाज प्रकरण. पण ती सहसा पाण्यातच नांगरून ठेवावी लागते, आणि चार-पाच जणांचा क्रू लागतो. आपल्याकडे चार-पाच जणांना एका वेळी सिनेमाला जमवता येत नाही.

दुसरा वर्ग डिंगीचा. लहान, हलकी, ट्रॉलीवर ठेवून ओढत नेता येणारी. एकट्याने चालवायची तर लेझर आहे. ४.२३ मीटर लांब, एकच शीड, ऑलिंपिकमधली. २०१९पासून तिचं अधिकृत नाव आयएलसीए आहे, पण क्लबात अजून सगळे लेझरच म्हणतात, जसे आपण अजून व्हीटी म्हणतो. दोघांसाठी एंटरप्राइझ आहे. जॅक होल्ट या इंग्रज डिझायनरने १९५६ साली ती काढली. ४.०४ मीटर लांब, दोन शिडं, आणि ती शिडं निळी, ही तिची ओळख. आपल्या देशातल्या क्लबांतून ती वर्षानुवर्षं चालत आली आहे.

आम्ही तिघांनी एंटरप्राइझ घ्यायचं ठरवलं. मी, माझी कॉलेजातली मैत्रीण, ती डेंटिस्ट आहे, आणि ऑफिसातला एक मित्र, जो एक्सेल शीटशिवाय भाजीसुद्धा घेत नाही.

ठोकून बघा

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही आमची होडी पहिल्यांदा पाहिली. ताडपत्रीखाली, वर कावळ्यांची कृपा, ट्रॉलीची दोन्ही टायरं बसलेली. मालक साठीच्या पुढचे गृहस्थ. त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून विकत होते. आमचा एक्सेलवाला मित्र घासाघीस सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "वर्षातून किती वेळा पाण्यात काढाल?" आम्ही म्हटलं, दर शनिवारी. ते म्हणाले, "अर्ध्या शनिवारी जरी काढलीत, तरी भाव कमी करतो." आणि खरंच केला.

सेकंडहँड होडीचं एक साधं गणित आहे. फायबरची बॉडी नीट ठेवली तर पस्तीस-चाळीस वर्षंही टिकते. शिडं, दोर, तारा यांचं आयुष्य त्या मानाने फारच थोडं. उन्हाने कापड मरतं, खाऱ्या हवेने लोखंड मरतं. म्हणजे चकचकीत पॉलिश बघून भुलायचं नाही. बॉडी भक्कम आणि शिडं मळकी असतील तर चालेल. उलटं असेल तर हात जोडून घरी यायचं.

बॉडी बघायची ती कानांनी. बोटाच्या पेराने किंवा नाण्याने ठोकत जायचं. टणटणीत आवाज आला तर छान. एखाद्या जागी बद्द आवाज आला, तर तिथे थर सुटलेत किंवा आत पाणी मुरलंय. आमची डेंटिस्ट तर खूशच झाली. म्हणाली, दातही आम्ही असेच ठोकून बघतो! तिने पाऊण तास होडीचे सगळे दात तपासले. मागच्या बाजूला, सुकाणू बसतं तिथे, हाताएवढ्या जागेत बद्द आवाज होता. हवेच्या टाक्यांची झाकणं उघडून आत हात घातला, एका टाकीत वाटीभर पाणी होतं. या टाक्या म्हणजे होडी उलटली तरी ती बुडू न देणारी गोष्ट, त्यामुळे तिथे तडजोड नाही. तारांवरून टिश्यू पेपर फिरवला. जिथे कागद अडकतो तिथे तारेचा एखादा पदर तुटलेला असतो. एका तारेवर अडकला. ती तार बदलायची असं कागदावर लिहिलं आणि तेवढे पैसे वजा केले.

मोठं शीड कधीकाळी निळं होतं. आमच्या वेळेपर्यंत ते वारंवार धुतलेल्या जीन्सच्या रंगाचं झालं होतं. कापड हातात चुरगाळून बघायचं. नवं कापड करकरतं, मेलेलं कापड जुन्या चादरीसारखं मऊ पडतं. आमचं दोन्हींच्या मधलं होतं. शिवण मात्र सुटत चालली होती. ती कुलाब्यातल्या एका ताडपत्रीवाल्याने पुन्हा घालून दिली.

दुरुस्ती आम्ही स्वतः केली, क्लबच्या मिस्त्रींच्या हाताखाली. तीन रविवार. खराब भाग घासून काढायचा, सुकू द्यायचा, फायबरचं कापड आणि रेझिनचे थर चढवायचे, पुन्हा घासायचं. डेंटिस्टबाई म्हणाल्या, हे तर मोठ्या आकाराचं फिलिंग आहे. शेवटी मिस्त्रीच तिला विचारायला लागले. तुम्हाला वाटेल, एवढा उपद्व्याप कशाला, पैसे देऊन करून घ्यावं. पण पाण्यात काही मोडलं तर तिथे मिस्त्री नसतो. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी मुंबईत परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या बोटयार्डात बांधली गेली, आणि ती बांधली जात असताना दोंदे तिच्या मागे होते. आमची उडी घारापुरीच्या दिशेने अर्ध्या वाटेपर्यंत. पण होडीचा प्रत्येक स्क्रू ओळखीचा असावा, हा नियम दोघांनाही सारखाच.

तिथीची पाऊणपट

मुंबई बंदरात वाऱ्याइतकाच दुसरा मालक आहे, पाणी. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरतीची पातळी साडेचार मीटरच्याही वर जाते. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा पाणी जेमतेम दीडेक मीटर वरखाली होतं. एवढं पाणी सहा तासांत आत येतं आणि सहा तासांत बाहेर जातं, म्हणजे बंदरात चक्क नदी वाहत असते. फक्त दिवसातून चार वेळा दिशा बदलणारी.

याची वेळ कशी ओळखायची? मोबाइलवर कोष्टक मिळतं, ते बघायचंच. पण क्लबच्या रेस्क्यू बोटीवरचे काका, कोळीवाड्यातले, त्यांनी आम्हाला किनाऱ्यावरचा जुना हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, पण खिशात फोन नसतानाही चालणारं ॲप आहे हे! संकष्टीला चंद्रोदयाची वेळ बघणारे आपण, त्याच चंद्राकडून दुपारची भरती विचारायची कधी आठवत नाही.

आणि ते नुसतं पाठ करून उपयोग नाही, त्याप्रमाणे वाट ठरवायची असते. चतुर्थीच्या दुपारी दोनला कुलाब्याहून निघायचं असेल तर उत्तरेला, घारापुरीच्या अंगाला जायचं. तीननंतर ओहोटी लागते आणि परतताना पाणी तुम्हाला घराकडे आणतं. त्याच वेळी दक्षिणेला गेलात तर तीच ओहोटी तुम्हाला उघड्या समुद्राकडे नेत राहते. परतताना पाणी आपल्या बाजूने हवं, एवढं एकच सूत्र.

याच पाण्याच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर, शिवाजी महाराजांनी १६७९ साली खांदेरीचा किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांच्या मोठ्या जहाजांनी बेटाला वेढा घातला होता. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून निसटत बेटावर रसद पोचवत राहिल्या. जहाज कुणाचं मोठं यापेक्षा पाणी कुणाला माहीत आहे, यावर ते ठरलं. २०२५मध्ये खांदेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पुढच्या वेळी मांडव्याला जाल तेव्हा दक्षिणेकडे जरा नजर टाका.

वारा पडतो तेव्हा

१८ डिसेंबर २०२४ रोजी याच बंदरात नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. माणसं गेली. त्या संध्याकाळी मी ऑफिसात होते. आईचा फोन आला, "तू कुठे आहेस?" गुरुवार-शुक्रवार ती काही बोलली नाही. शनिवारी मी किट भरायला लागले तेव्हा दारात येऊन उभी राहिली. "जाऊ नको म्हणत नाही. पण जॅकेट अंगात घालून इथून निघ." मग मी अंधेरीपासून चर्चगेटपर्यंत लोकलच्या लेडीज डब्यात लाइफ जॅकेट घालून गेले. लोकांनी बघितलं. बघू दे.

घरात कुणाला असा विषय सांगताना 'काही होत नाही गं' हे वाक्य मी वापरत नाही. रिस्कमध्ये काम करणाऱ्या माणसाला ते शोभतही नाही. काय होऊ शकतं आणि तेव्हा आम्ही काय करणार, हे सांगते. आईला तेच हवं होतं.

जानेवारीतला एक शनिवार. पंचमी, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती. हिशेबाप्रमाणे आम्ही दोघी उत्तरेला जाऊन परतत होतो, ओहोटी पाठीशी. पाच वाजता वारा पडला. मंदावला नाही, पडलाच. तीच पाळीबदलाची शांतता, रोजच्यापेक्षा तासभर आधी. शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबायला लागलं. पाणी मात्र आपल्या कामाला लागलेलं. क्लबची जेट्टी समोरून हळूच बाजूला सरकायला लागली आणि आम्ही दक्षिणेकडे. पुढे नांगरलेलं एक मालवाहू जहाज, जवळ जावं तसं इमारतीएवढं होत जाणारं. सूर्यास्त सव्वासहाच्या पुढे. आमच्या होडीला दिवे नाहीत.

भीती वाटली? वाटली. पोटात. पण हात रिकामे नव्हते. दोघींनी वल्ही काढली आणि जहाजाकडे पाठ करून किनाऱ्याच्या अंगाला, उथळ पाण्याकडे वल्हवायला लागलो. ओहोटीशी झुंजून जेट्टीकडे जाण्यात अर्थ नव्हता, ती जिंकणार. आडवं जायचं, प्रवाहाच्या बाहेर. पंधरा मिनिटांत दंडांची वाट लागली. पाणी उथळ झालं तसा नांगर टाकला. छोटासा, घडीचा, चार किलोचा. तो घेताना एक्सेलवाल्याने विचारलं होतं की याचा आरओआय काय. दोर ताणला, होडी वळली आणि थांबली. मग वॉटरप्रूफ पाउचमधून फोन काढून क्लबला कळवलं.

रेस्क्यू बोट यायला पंचवीस मिनिटं लागली. त्या पंचवीस मिनिटांत आम्ही चिक्की खाल्ली. समोर कुलाब्याचे दिवे एकेक लागत होते. त्या दिव्यांत कुठेतरी आपल्या ओळखीचे लोक ट्रॅफिकमध्ये अडकून हॉर्न वाजवत असतील, असं डेंटिस्ट म्हणाली आणि आम्ही दोघी विनाकारण हसत सुटलो. काका आले, दोर फेकला, म्हणाले, "नांगर टाकून बसलात ते बरं केलंत. वारा पडला की आपणही पडून राहायचं."

घरी आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तो नांगर आणखी मोठा मिळत नाही का?"

तिघांची एक होडी

भागीदारीत गोवा ट्रिप टिकत नाही, होडी कशी टिकेल असं सगळे म्हणाले. आमची टिकली, कारण पहिल्याच दिवशी एका पानावर लिहून काढलं. खर्चाचे तीन सारखे भाग. शनिवार कुणाचा, रविवार कुणाचा. जो मोडेल तो दुरुस्त करेल, पैशांनी नाही, हातांनी. कुणाला बाहेर पडायचं असेल तर भाग आधी उरलेल्या दोघांना विचारायचा. आणि शेवटचं कलम: पाण्यात असताना सुकाणू ज्याच्या हातात त्याचं ऐकायचं, वाद जेट्टीवर. हे कलम मी काही मित्रांना लग्नासाठीही सुचवलंय.

तर, केवढ्याला पडली?

होडी पडली नव्या स्कूटरपेक्षा थोड्या जास्त पैशांना, तिघांत. पहिल्या सीझनला दोर, तारा, ट्रॉलीची टायरं, लाइफ जॅकेट, क्लबची फी मिळून जवळजवळ तेवढेच पुन्हा. हे पैसे फिरून येणार नाहीत. गुंतवणूक म्हणून बघाल तर होडी हा जगातला सगळ्यात भिकार शेअर आहे.

पण खरी किंमत शनिवारांत मोजायची. बाकी आपण जे काही घेतो ते कार्ड स्वाइप केल्या क्षणी आपलं होतं. फोन, टीव्ही, सोफा. होडीचं तसं नाही. पैसे भरल्यावर ती नुसती आपल्या नावावर होते. आपली व्हायला तीन रविवार घासावं लागतं, तिथी मोजाव्या लागतात, वारा नसेल त्या दिवशी जेट्टीवर बसून परत यावं लागतं. बॉसला ईमेल टाकून वारा वाढवून मिळत नाही. ऑफिसात माझा अर्धा दिवस मूठ घट्ट धरण्यात जातो, डेडलाइनवर, मेलवर, कुणाच्या तरी बोलण्यावर. आठवड्यातून एकदा अशा जागी जायचं जिथे मूठ उघडली की सगळं शांत होतं, याला मी किती पैसे द्यायला तयार आहे? रिस्कवाली असूनही त्याचा आकडा मला काढावासा वाटत नाही.

निघायच्या आधी

• कोर्स पूर्ण करा, मग होडी शोधा. क्लबच्या नोटीस बोर्डवर आणि पावसाळ्याच्या तोंडावर चांगली होडी मिळते, कारण ताडपत्रीचा खर्च कुणालाच नको असतो.

• बघायला जाताना नाणं, टिश्यू पेपर, टॉर्च आणि चालवणारा एक अनुभवी माणूस बरोबर न्या. शक्य असेल तर एक फेरी मारल्याशिवाय पैसे देऊ नका.

• होडी कुठे ठेवणार, हे घेण्याआधी ठरवा. मालकीचं पत्र लेखी घ्या. नोंदणी आणि परवानगीचे नियम होडीच्या प्रकाराप्रमाणे बदलतात, ते क्लबात आणि मेरिटाइम बोर्डाकडे आधीच विचारा.

• लाइफ जॅकेट अंगात. होडीत ठेवलेलं जॅकेट म्हणजे कपाटात ठेवलेलं हेल्मेट.

• लाटांच्या माथ्यावर सगळीकडे पांढरा फेस दिसत असेल तर शिकाऊ मंडळींनी जेट्टीवर चहा घ्यावा.

• नियमाने इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यायची असते. पण बंदराच्या चॅनलमध्ये मोठ्या जहाजाच्या वाटेत आपण यायचं नाही, हाही नियमच आहे. कंटेनर जहाजाशी हक्काची भाषा करू नका.

• वल्ही, नांगर, पाणी, वॉटरप्रूफ पाउचमध्ये फोन. आणि चिक्की.

येत्या शनिवारी तिथी काय आहे ते बघा, पाऊणपट करा आणि त्या वेळी गेटवेला जाऊन उभे राहा. पाणी पायरीपर्यंत आलेलं असेल. शिडं दिसली तर त्यात एक धुतलेल्या जीन्सच्या रंगाचं शोधा. हात केलात तर आम्हीही करू, फक्त तेव्हा दोर कुणाच्या हातात आहे त्यावर अवलंबून!